किल्लीवरची रेघ

भिंतीपलीकडे बाळ रडायला लागलं की थालूसाची कानस आपोआप थांबायची. तिचं कुलुपांचं दुकान मारुलसच्या घराच्या दर्शनी अंगालाच काढलेलं होतं. मधे एक वीतभर भिंत. चार महिन्यांच्या त्या पोराचं भुकेचं, पोटदुखीचं आणि नुसत्या हट्टाचं, अशी तिन्ही रडणी तिला वेगवेगळी ओळखू यायची. रडणं थांबलं की समजायचं, मारुलसच्या बायकोने, पेटिलियाने, त्याला अंगावर घेतलं. मोठ्या घरच्या बायका दूध पाजायला दाई ठेवतात; एकोणीस वर्षांच्या या पोरीने ठेवली नव्हती, आणि त्यावरून कापुआ गावातल्या बायकांनी तिची चेष्टाही करून झाली होती.

त्या दुपारी मारुलस स्वतः दुकानात आला तेव्हा बाळ भुकेचं रडत होतं. एरवी तो निरोप्याला पाठवायचा. सुगंधी तेलाचा एवढा मोठा व्यापारी, तो कशाला धुरात येतोय! आज मात्र आत आला, फळीवर हात टेकला आणि मुठीतली एक वस्तू तिच्यासमोर ठेवली.

"ओळखतेस?"

ओळखायला काय झालं? बोटात घालायची अंगठी, आणि अंगठीच्याच अंगातून बाजूला निघालेली सहा दातांची छोटी किल्ली. अशा शेकडो अंगठ्या तिने आयुष्यात केल्या होत्या. बायामाणसं कपड्याला खिसा नसल्याने पेटीची किल्ली बोटातच वागवतात. पण ही किल्ली पेटीची नव्हती. ही या घरातल्या दारूच्या कोठीची होती.

"माझ्या हातची आहे, धनी."

"काल पेटिलियाच्या शिवणाच्या टोपलीत सापडली."

थालूसाला आधी नीट कळलंच नाही. सापडली म्हणजे काय? दोन महिन्यांपूर्वी हाच माणूस पहाटे दुकानात आला होता. कोठीची मूळ किल्ली स्वतःच्या करंगळीतून काढून त्याने तिच्या तळहातावर ठेवली होती. 'हरवायची भीती वाटते, एक जादा करून ठेव,' म्हणाला होता. संध्याकाळी दोन्ही घेऊन गेला होता.

"पण धनी, ती तर तुम्हीच…"

"मी काय?" मारुलस अगदी हळू बोलला. आवाज चढवणाऱ्या माणसाची थालूसाला भीती वाटत नसे, पण हा लहानपणापासून रागावला की हळू बोलायचा. "नीट ऐक. उद्या सकाळी घरात बैठक आहे. बासस काका येतायत, नोलाहून तिचा भाऊ येतोय. काका तुला विचारतील. तू सांगायचंस, डोक्यावरून शाल ओढलेली एक बाई आली होती, किल्लीचा मेणावरचा ठसा घेऊन. तू ओतून दिलीस. बाई कोण ते तुला ठाऊक नाही. झालं. एवढंच."

"आणि वहिनीसाहेब?"

"ती नोलाला जाईल."

"आणि बाळ?"

मारुलसने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने घरची चूल कुणाची ते विचारलं. "बाळ माझं आहे. मुलं बापाची असतात, थालूसा. इतकी वर्षं या घरात काढलीस, तुला हे सांगायला हवं?"

नव्हतं सांगायला हवं. सगळं कापुआ हे जाणत होतं, तशी जुनी चालही जाणत होतं. घराच्या दारूची कोठी पुरुषाच्या ताब्यात. चोरून केलेली किल्ली ज्या बायकोजवळ सापडेल तिला नवऱ्याने नातेवाईकांसमोर उभं करावं आणि दाराबाहेर घालावं. आजकाल ही चाल कोण पाळतं? अर्ध्या कापुआच्या बायका सकाळीच दोन पेले लावून बाजाराला निघतात. पण बासस काका पाळत होते. मारुलसला नेमके ते हवे होते. दोष शाबित झाला की बायको जाते आणि तिचा हुंडा घरात राहतो. दोष नसताना पाठवली तर आणलेलं सगळं पै न पै परत द्यावं लागतं; आणि पेटिलियाने आणलेलं सगळं मारुलसने केव्हाच नव्या तेलघाण्यांत घातलं होतं. त्यातून गुलाबतेलवाल्या त्या श्रीमंत विधवेकडे त्याच्या फेऱ्या सुरू झालेल्या. गल्लीतल्या कुत्र्यांनासुद्धा ते ठाऊक होतं.

"तुला वेगळं काही सांगावंसं वाटलं तर," मारुलस जाता जाता म्हणाला, "बाबांनी तुला मोकळं केलं, हे आठव. मोकळं केलेल्या माणसाने मालकाविरुद्ध तोंड उघडलं तर काय होतं, तेही आठव."

बाप मेल्यावर दिवे, रांजण आणि थालूसा अशी सगळीच मालकी मुलाकडे आली होती. गुलामी सुटली, तरी दोरी सुटत नाही. मालकाविरुद्ध साक्ष देता येत नाही. दिलीच तर ती कुणी धरत नाही, उलट कृतघ्न म्हणून गावाबाहेर शंभराव्या मैलापलीकडे हाकलतात. आपलेच दात, आपलेच ओठ. आणि या मारुलसला लहानपणी तिनेच कडेवर खेळवलेलं होतं, ही वर आणखी थट्टा.

किल्ली उचलायला त्याने हात पुढे केला तेव्हा करंगळीतली मूळ किल्ली तिच्या नजरेसमोरून गेली. तिच्या पाठीवर एक बारीक तिरकी रेघ होती. थालूसाला ती बघून दोन महिन्यांपूर्वीची लाज पुन्हा वाटली. जोडकिल्ली करताना दोन्ही दाताला दात लावून तारेने आवळून बांधायच्या आणि दोन्हींवरून एकदम कानस फिरवायची, अशी तिच्या नवऱ्याची पद्धत. नवरा गेला, पद्धत राहिली. त्या संध्याकाळी शेवटच्या फेऱ्यात कानस घसरली आणि दोन्ही किल्ल्यांच्या पाठीवरून एकच रेघ गेली. घासून काढायला घटकाभर वेळ लागला असता. पण मारुलस दारात उभा. 'राहू दे गं, पाहुणे यायचेत,' म्हणून त्याने तार सोडायला लावून दोन्ही ओढून नेल्या होत्या. ओबडधोबड काम दुकानाबाहेर गेलं, म्हणून ती रात्रभर तळमळली होती.

तो गेला. थोड्या वेळाने घरची कारभारीण दोरिस विस्तव न्यायला आली. तिच्या काखोटीला बारीक नळीचं, टोकाला भोक असलेलं मातीचं भांडं होतं, तान्ह्यांच्या तोंडात द्यायची दुधाची बाटली.

"ही कुणासाठी गं? आई आहे की पाजायला."

"मला काय विचारतेस?" दोरिस इकडेतिकडे बघत म्हणाली. "धन्यांनी परवा आणायला सांगितली. दाईही बघून ठेवलीय, उद्या दुपारी येतेय. तू मात्र माझं नाव घेऊ नकोस हां, बाई."

परवा. म्हणजे किल्ली काल सापडली आणि बाटली तिच्याआधी आली. थालूसा मटकन स्टुलावर बसली. हा माणूस एवढा निर्ढावला होता की आईच्या जागी बाटली आधी आणून ठेवून मग आईचा गुन्हा शोधायला गेला होता. तिला त्याची शिसारी आली. आणि तिला स्वतःचीही आली, कारण त्या क्षणी तिच्या मनात पहिला विचार दुकानाचा आला होता. या वयात भट्टी कुठे हलवायची?

भिंतीवर खिळ्याला दोन किल्ल्या तारेने बांधून टांगलेल्या होत्या. तिच्या नवऱ्याने गिऱ्हाइकांना दाखवायला केलेला नमुना. त्यांना तो 'आई आणि लेक' म्हणायचा. हसायचे लोक. थालूसाला ते नाव कधी आवडलं नाही. या घरात गुलाम असताना तिला एक मुलगी झाली होती, पाच वर्षांची झाल्यावर थोरल्या धन्यांनी ती पुतेओली बंदरातल्या एका व्यापाऱ्याला दिली. सकाळी केस विंचरून दिले, दुपारी पोर घरात नव्हती. थालूसाने तेव्हा काही विचारलं नाही. कोणाला विचारणार? पुढे तिला स्वातंत्र्य मिळालं, दुकान मिळालं, माणूसही चांगला मिळाला, पण त्या दुपारी आपण गप्प बसलो, हे काही केल्या तिच्या पोटातून गेलं नाही.

पलीकडे बाळ अजून रडत होतं. मग एकदम थांबलं. थालूसाने उठून खिळ्यावरची आई-लेक काढली आणि कमरेच्या पिशवीत टाकली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरातल्या चौकात गेली तेव्हा मंडळी बसलेली होती. बासस काका मधल्या खुर्चीत. पायाच्या दुखण्यामुळे लोकरीचे मोजे आणि वर चपला. या वेषाला गावातली पोरं हसायची, पण तोंडावर हसायची कुणाची छाती नव्हती. काकांच्या हातात त्यांचं ते घडीचं हत्यार. एका मुठीत मिटणारी सुरी, चमचा, काटा, शिंपल्यातलं मांस काढायचा टोच्या आणि दातकोरणं. तेही थालूसाच्याच दुकानातलं. काका विचार करू लागले की एकेक पातं उघडायचे आणि मिटायचे. टक्, टक्. सगळ्या घरात तेवढाच आवाज येत होता.

पेटिलिया पाण्याच्या कुंडाजवळ उभी होती. तिला बसायला सांगितलेलं नव्हतं. बाळ खांद्यावर. तिचा भाऊ, तिच्याहून जेमतेम वर्षाने मोठा, लाल होऊन बाकावर बसला होता. त्याला राग आला होता की रडू येत होतं, कळत नव्हतं. घरदेवांच्या देव्हाऱ्यापाशी दोरिस, आणि तिच्यामागे एक अनोळखी जाडजूड बाई. दाई दुपारी यायची होती ती सकाळीच आली होती.

मारुलस उभा राहिला. बोलायला तो पहिल्यापासून चांगला. आवाजात दुःख, मान खाली, हात देव्हाऱ्यावर.

"काका, ही अंगठी बाबांनी मरताना माझ्या बोटात घातली. त्यांच्या चितेची शपथ घेऊन सांगतो, तेव्हापासून आजतागायत ती या बोटातून निघालेली नाही. झोपतानाही नाही, आंघोळीलाही नाही. माझं चुकलं एवढंच, की मी गाढ झोपतो. हिने झोपेत माझ्या हाताखाली मेण धरलं, ठसा घेतला, बाहेरून किल्ली करवली. कोठीतली जुनी फालेर्नियन दारू चार रांजण कमी भरलीय. किल्ली हिच्या टोपलीत निघाली. मला काय आनंद होतोय हे सांगताना?"

"नाही ना होत?" भाऊ ओरडला. "मग ही दाई काय तुझे अश्रू पुसायला आणलीस?"

"तू गप्प बस रे," काका म्हणाले. टक्. "पेटिलिया, किल्ली तुझी?"

"नाही. मी ती कालपर्यंत पाहिलीसुद्धा नव्हती."

"दारू?"

"मला दूध पाजायचंय, काका. मी तर पाणी घातलेलीसुद्धा घेत नाही."

"सगळ्या बायका असंच म्हणतात," काका म्हणाले. ते दुष्ट नव्हते, पण त्यांच्या मते जगात बायका दारू प्यायला लागल्यापासून गव्हालाही पूर्वीची चव राहिली नव्हती. त्यांनी थालूसाकडे पाहिलं. "ये पुढे. ही तुझ्या हातची?"

"हो, काका."

"मेणाच्या ठशावरून केलीस?"

थालूसाने मनाशी हिशेब केला. हो म्हणावं तर ते पोर आज दुपारी त्या जाड्या बाईच्या मांडीवर. नाही म्हणावं, तर ती मालकाविरुद्ध साक्ष. काका ती धरणार नाहीत, मारुलस तिला गावाबाहेर काढेल, आणि पोर तरीही त्या मांडीवरच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"बोल, थालूसा," मारुलस हळू म्हणाला.

"काका, मला चारचौघांत बोलता येत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "दुकानात कोणी मेणाचा ठसा घेऊन आलं की मी बोलत नाही, हे दाखवते." तिने पिशवीतून आई-लेक काढून काकांच्या मांडीवर ठेवली.

"हे काय?"

"मोठी आई. तिचा मेणावर ठसा घेतला आणि ओतली ती लेक."

काकांची नजर अधू होती. त्यांनी दोन्ही दाताला दात लावायचा प्रयत्न केला. पहिला लागला, दुसरा जरा मागे, सहावा तर पार घसरला. त्यांनी टोच्या उघडून फटीत घालून पाहिला.

"लेक लहान आहे."

"धातूचा रस थंड होताना आक्रसतो, काका. मेणावरून ओतलेली किल्ली कधी मूळ किल्लीएवढी होत नाही. कुलपात जाते, पण फिरत नाही."

मग मारुलस हसला. "अगं, मग जरा मोठी ओतली असशील! कारागीर ना तू?"

"मोठीच ओतते, धनी. मग कानस मारून बेताची करते."

"बघा!" मारुलस काकांकडे वळला.

काकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "कुठवर कानस मारतेस?"

"मूळ किल्लीएवढी होईतो. शेजारी धरून."

"आणि मूळ शेजारी नसेल तर?"

यात मालकाविरुद्ध काही होतं का? नव्हतं. हा धंदा होता. धंद्याबद्दल बोलायला तिला कुणी बंदी केली नव्हती.

"तर मी काम घेत नाही, काका."

टोच्या मिटला. टक्. काकांनी हात पुढे केला. "मारुलस, अंगठी दे."

"काका, कशाला? मी शपथ घेतलीय, ती बोटातून काढत नाही."

"म्हणूनच मागतोय. देवासमोर शपथ घेतली आहेस, देवासमोर काढ."

मारुलसने बोटावर अंगठी फिरवली, ओढली. "निघत नाही. बोट सुजलंय."

"दोरिस," काका म्हणाले, "या घरात तेल असेल का गं थोडं?"

तेलाच्या व्यापाऱ्याच्या घरात! पेटिलियाचा भाऊ फिस्सकन हसला, आणि मग एवढ्या अवघड वेळी हसल्याची लाज वाटून खाली बघू लागला. दोरिसने तेल आणलं. मारुलसने ते बोटाला चोळलं. अंगठी निघाली. काकांनी ती पुसून दुसरीला लावली. दाताला दात बसले, सहाच्या सहा, मधे केस जाईल एवढीही फट नाही.

"हं," काका म्हणाले. "नेमकी बसते. पण नेमकी बसली म्हणून काय झालं? एखादा कारागीर नशिबानेही नेमकी करील."

"तेच म्हणतो मी!" मारुलसला जीव आला.

थालूसा काकांच्या हातांकडे बघत होती. काकांनी किल्ल्या दात वर करून धरल्या होत्या. पाठ खाली होती. उलटा, तिला ओरडावंसं वाटलं. उलटा त्या! पण ते म्हणजे बोट दाखवणं. तिने दात ओठांवर एवढे दाबले की तोंडात रक्ताची चव आली. आणि तेवढ्यात बाळ भुकेचं रडायला लागलं. पेटिलियाने सवयीने शालीची टाचणी काढली आणि मग सगळ्यांकडे बघून तशीच थांबली. हात अर्धवट. पोराचं तोंड तिच्या खांद्यावर शोधत फिरत होतं.

"द्या इकडे," दाई पुढे आली.

"थांब," काका म्हणाले. रडण्याने त्यांचं लक्ष उडालं. किल्ल्या त्यांच्या हातात कलंडल्या आणि अंगठा पाठीवर गेला. तो पुढे सरकता सरकता थांबला. मागे आला. पुन्हा पुढे गेला. अधू नजरेच्या माणसाची बोटं डोळस असतात. काकांनी अंगठ्याचं नख एका किल्लीवर टेकवलं आणि ओढत दुसऱ्या किल्लीवर नेलं, कुठेही न अडखळता.

"थालूसा, ही रेघ कसली?"

"कानस घसरली होती, काका. घासून काढायची राहिली. माझं काम कच्चं राहिलं."

"एक रेघ. दोन किल्ल्यांवर."

"हो, काका."

"म्हणजे दोन्ही एकत्र बांधून कानस मारलीस."

थालूसा गप्प राहिली. इथे 'हो' म्हणणं म्हणजे साक्ष.

काका उठले. पाय दुखत असूनही उठले, आणि मोज्या-चपलांतला तो म्हातारा त्या वेळी कोणालाही हसू येण्यासारखा दिसला नाही. "माझ्या भावाच्या चितेची शपथ घेतलीस, मारुलस. ही बोटातून निघाली नाही म्हणालास. मग तुझं बोटही कापून दुकानात नेलं होतं का रे या पोरीने?"

"काका, ही म्हातारी माझी माणूस असून माझ्यावर उलटली! ही कृतघ्न…"

"काय म्हणाली ती तुझ्याविरुद्ध?" काकांनी चौकभर पाहिलं. "मी बहिरा नाही अजून. तिने तुझ्याविरुद्ध एक शब्द काढलेला ऐकला का कोणी?"

"नाही," भाऊ म्हणाला.

"नाही," देव्हाऱ्यापासून दोरिस म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

"बायकोला पाठवायची असेल तर खुशाल पाठव. पण तिचा सगळा हुंडा आज सूर्य मावळायच्या आत तिच्या भावाच्या हातात. आहे?"

मारुलसने देव्हाऱ्यावरचा हात काढून घेतला. तेलघाणे काही संध्याकाळपर्यंत परत हुंडा होत नसतात.

"मग ती इथेच राहील आणि कोठीची किल्लीही तिच्याकडे राहील. माझा भाऊ वर असेल तर मला माफ करो. चालीपेक्षा खोटी शपथ वाईट." काकांनी जुनी अंगठी मारुलसला परत केली आणि नवी किल्ली पेटिलियाच्या हातात दिली. "बस, पोरी. पाज त्याला. कान किटले माझे."

पेटिलिया कुंडाच्या काठावर बसली. शाल ओढून घेऊन तिने पोराला जवळ घेतलं, आणि रडणं थांबलं. थालूसा भिंतीच्या या बाजूने ते पहिल्यांदाच ऐकत होती. तिला हुंदका आला. तिने तो खोकल्यात दडवला.

*

मारुलस दुपारी आला. या वेळी फळीवर हात टेकला नाही.

"महिनाअखेरीपर्यंत जागा मोकळी कर."

"बरं, धनी."

"काकांनी काहीही म्हणू दे. तू माझं काय केलंस, मला ठाऊक आहे."

"मी एक शब्द काढला नाही, धनी."

ते खरं होतं. तो गेल्यावर ती हत्यारं पुसून टोपलीत भरायला लागली. वेशीपाशी एका कुंभाराची पडवी रिकामी होती, तिथे चौकशी करायला हवी होती. तिथे वारा वाईट. भट्टी नीट धरणार नाही. तिने एक एक कानस चिंधीत गुंडाळली आणि प्रत्येक वेळी मनात मोजलं की अजून किती दिवस या भिंतीपलीकडचं तिला ऐकू येईल.

उन्हं उतरली तेव्हा पेटिलिया आली. एकटी, बाळ खांद्यावर झोपलेलं. किल्ली तिच्या अंगठ्यात होती. करंगळीच्या मापाची पुरुषी अंगठी, ती तिच्या दुसऱ्या कुठल्या बोटात राहत नव्हती.

"मावशी, ही मोठी होते. कामात गळून पडेल."

"कापून पुन्हा जोडून देते. ठेव इथे, उद्या सकाळी घेऊन जा."

पेटिलियाने अंगठी काढली, पुढे केली, आणि मग मूठ मिटली. ती एकदम लाजली. "मावशी, राग मानू नका. मी इथेच बसू का होईपर्यंत?"

थालूसा हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. "बस की. हुशार झालीस."

बाळाला मांडीवर घेऊन पेटिलिया स्टुलावर बसली. थालूसाने अंगठीचं कडं कापलं, तिच्या बोटाला दोरा गुंडाळून माप घेतलं, सांधा तापवून जोडला, पाण्यात बुडवला. कानशीच्या आवाजाने बाळ एकदा चाळवलं आणि पुन्हा झोपलं. मग थालूसाने मऊ दगड आणि तेल घेतलं आणि किल्ली पालथी केली. रेघ उजेडात चकाकत होती. इतके दिवस मनाला लागलेली ती ओबडधोबड खूण घटकाभरात निघाली असती.

"काय करताय?"

"राहिलेलं काम. घासून काढते."

पेटिलियाने हात पुढे करून तिचं मनगट धरलं. "नको, मावशी. याच रेघेचा दुसरा अर्धा भाग त्यांच्या बोटात आहे. ही अशीच राहू दे."

थालूसाने दगड खाली ठेवला. किल्ली चिंधीने पुसली आणि पेटिलियाच्या बोटात घालून दिली. बरोबर बसली. मग तिने बाळ थोडा वेळ मागून घेतलं. पेटिलियाने ते काही न विचारता दिलं, आणि थालूसा त्याला खांद्यावर घेऊन रिकाम्या होत चाललेल्या दुकानात फेऱ्या मारत राहिली.